वंशावळीच्या फाइलवरचे तीन सात काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. आकिम (जिल्हाप्रमुख) साहेब,
जिल्हा प्रशासन कार्यालय,
आक-ओतोक.

अर्जदार: बेगाइम शेरालिएवा, संगणक व्यवस्थापक, जिल्हा वंशावळ कक्ष, तळमजला, समोवारशेजारी.

विषय: वंशावळीच्या फाइलमध्ये कोणीही काहीही लिहावे ही मुभा बंद करणे, तसेच मयत सातिबाल्दी यांना त्यांच्या खऱ्या वडिलांकडे परत पाठवणे, याबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. १२ ऑगस्ट. २) माझा अर्ज, दि. २० ऑगस्ट. ३) ज्येष्ठ मंडळाचा ठराव क्र. ७.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, हा अर्ज मी शाईने, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. संगणक सांभाळणाऱ्या बाईने हाताने अर्ज खरडावा हे शोभत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु संदर्भ क्र. १ चा अर्ज मी कक्षाच्या संगणकावर तयार करून ठेवला आणि चहा पिऊन परत येईपर्यंत कोणीतरी त्यातली माझी मागणी पुसून तिथे नव्या समोवारची मागणी घातली. आपण तो अर्ज त्याच दिवशी मंजूर केलात. समोवार उत्तम आहे, पाणी लवकर तापते, त्याबद्दल कक्ष आपला ऋणी आहे. संदर्भ क्र. २ चा अर्ज आपल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याची शिफारस झालेली होती: कुबात नावाच्या गृहस्थांच्या घोड्याला कारामुर्त बातीरांच्या जयंतीच्या शर्यतीत पहिल्या रांगेत उभे करावे. खाली छापील सही माझीच होती. तोही मंजूर झाला. माझे अर्ज आपण किती तत्परतेने निकाली काढता हे यावरून दिसतेच, आणि त्या भरवशावरच हा तिसरा अर्ज करीत आहे.

१. प्रथम फाइलविषयी. जिल्ह्यातल्या प्रत्येक घराच्या सात पिढ्यांच्या बापांची नावे आमच्या कक्षात एकाच फाइलमध्ये आहेत. लग्न ठरले की दोन्हीकडची माणसे येतात, वऱ्हांड्यातल्या संगणकापुढे बसतात आणि सात-सात नावे ताडून पाहतात. एकही बाप सामाईक निघाला नाही तर कक्ष दाखला देतो. निघाला तर मुलगा-मुलगी बहीण-भाऊ ठरतात आणि वराकडच्यांनी मुलीच्या कानात घातलेले डूल परत जातात. या एका फाइलवर जिल्ह्यातली सगळी लग्ने उभी आहेत, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण या फाइलची राखण सध्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीइतकीही होत नाही.

२. संगणकातल्या प्रत्येक फाइलला तीन आकडे लावलेले असतात. पहिला आकडा फाइलच्या मालकाचा, दुसरा कचेरीतल्या माणसांचा, तिसरा उरलेल्या जगाचा. आकडा चार असेल तर नुसते वाचता येते. सहा असेल तर वाचता येते आणि लिहिताही येते. सात असेल तर वाचा, लिहा, चालवा, करा काय वाटेल ते. शहाणा माणूस आपल्या महत्त्वाच्या फाइलला सहा-चार-चार लावतो, म्हणजे लिहिणारा एक आणि वाचणारे सगळे. आमच्या फाइलला सात-सात-सात आहे.

हे कसे झाले, तर माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी ज्येष्ठ मंडळाला विचारले की, "आकडे कुठले लावू?" आता सात पिढ्यांच्या बापांच्या फाइलला आकडा कुठला लावायचा, हा प्रश्न आपल्या खोऱ्यात कोणी विचारावा का? मंडळाने एकमताने सांगितले, सात. तीनदा. मृतांसाठी आपण पुऱ्या तळतो त्याही सातच. त्या दिवशी म्हणे त्याही तळल्या, आणि त्यातली एक संगणकावर ठेवली. तिचे तेल आजही कळफलकाच्या खाचेत आहे.

मी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मंडळापुढे उभी राहून सहा-चार-चारची विनंती केली. मंडळाचे अध्यक्ष तोक्तोसुन अक्साकाल, वय ८१, यांचे शब्द इतिवृत्तातून जसेच्या तसे देते: "सहा? आमचा सातवा बाप कुठे टाकलास, पोरी? आणि लोकांना चारच? ज्याला सात बाप सांगता येत नाहीत तो गुलाम, असं आपले लोक म्हणतात. तू तर सगळ्या जिल्ह्याला गुलाम करायला निघालीस."

मी म्हटले, "आजोबा, हे बापांचे आकडे नाहीत, कुलुपाचे आहेत." त्यावर ते आणखी चिडले. "कुलूप? आमच्या तंबूला कधी कुलूप पाहिलंस? पाहुणा आला की पडदा वर करायचा आणि आत यायचं. बापजाद्यांच्या दारात तू टाळं ठोकणार?" मी नम्रपणे निदर्शनास आणले की, तंबूला कुलूप नसते हे खरे, पण दाराशी कुत्रे असते आणि ते चावते. संगणकाला कुत्रे नाही. यावर मंडळातले दोघे हसले, म्हणून मला उद्धट ठरवण्यात आले.

शेवटी मी, निदान बदलांची नोंदवही तरी सहा-चार-शून्यवर ठेवू द्या, असे सुचवले. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्या वहीत उतरते आणि तिला बाहेरच्या कोणी हात लावू नये अशी रीत आहे. शून्य हा शब्द ऐकल्यावर अक्साकाल उभे राहिले. "शून्य बापांचा माणूस या खोऱ्यात अजून जन्माला यायचा आहे!" सभा तिथेच संपली. ठराव क्र. ७ मंजूर झाला: फाइल आणि नोंदवही, दोन्हींना तीन सात, कायमचे.

३. परिणाम असा की, आंधळे दळतेय आणि कुत्रे पीठ खातेय. वऱ्हांड्यातल्या संगणकासमोर लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात आणि हातासरशी आपले पूर्वज दुरुस्त करतात. कारामुर्त बातीर यांची दोनशेवी जयंती जाहीर झाल्यापासून त्या शूर पुरुषाला ४३ मुलगे झाले आहेत. त्यांतले सहा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मले आणि एक त्यांच्याहून वयाने मोठा आहे. मेंढ्याच्या भांडणावरून एका शेजाऱ्याने दुसऱ्याच्या पाचव्या बापापुढे "गाढवचोर" असे लिहिले. दुसऱ्याने उत्तरादाखल पहिल्याचा चौथा बापच काढून टाकला. त्यामुळे त्या गृहस्थांचे पणजोबा कोणाच्याही पोटी जन्मलेले नाहीत आणि त्यांच्या नातवाचा शाळेचा दाखला अडला आहे. कुबात यांनी आपल्या घोड्याची सात पिढ्यांची वंशावळ फाइलमध्ये चढवली. घोड्याच्या सातही बापांची नावे चोख निघाली, सामाईक कोणी नाही, सबब यंत्राने त्या घोड्याला विवाहास पात्र असल्याचा दाखला छापून दिला. त्यावर शिक्का माझ्या कक्षाचा आहे.

इथवर मीही हसत होते, हे कबूल करते. दुसऱ्याच्या घराला लागलेली आग शेकायला बरी वाटते.

४. आता माझे स्वतःचे. माझा विवाह नदीपलीकडचे पशुवैद्य एल्दियार यांच्याशी २८ सप्टेंबरला ठरला आहे. मार्चमध्ये आम्ही नावे ताडून पाहिली तेव्हा सात सोडा, आठव्या पिढीपर्यंत काही सामाईक नव्हते. एल्दियारच्या आजी बुरुल-आपा यांनी स्वतः माझ्या कानात डूल घातले. वय माझे ३३. या वयात माझे लग्न होते आहे म्हणून माझ्या आईने तीन मेंढ्या कापल्या, यावरून घरातल्या आनंदाची कल्पना यावी.

६ ऑगस्टनंतर दाखला काढायला गेले तर फाइल म्हणते की, माझे सहावे पूर्वज सातिबाल्दी हे एशिम यांचे नव्हे, तर कारामुर्त बातीरांचे पुत्र आहेत. एल्दियारचे सातवे पूर्वज कारामुर्त बातीर. माझेही आता सातवे तेच. म्हणजे आम्ही बहीण-भाऊ. नोंदवही उघडून पाहिली तर हा बदल ६ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी "बेगाइम शेरालिएवा" यांनी केला, असे तीत लिहिलेले आहे.

त्या दिवशी त्या वेळी मी जिल्हा दवाखान्यात होते आणि माझी दाढ काढली जात होती. दाखल्यांवर सध्या कोणाचा विश्वास उरलेला नसल्याने दाढ सोबत जोडली आहे.

पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसे झाले. बुरुल-आपा दारात येऊन म्हणाल्या, "नको असेल आमचा मुलगा तर तोंडानं सांग ना! बापजाद्यांना कशाला मध्ये घालतेस? यंत्र तुझं, नाव तुझं, आणि वर रडतेस?" १५ सप्टेंबरपर्यंत हे निस्तरले नाही तर डूल परत घेऊन जाईन, असे त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. बाजारातल्या बायका मला, "तुझा भाऊ येऊन गेला गं, लोणी घेऊन गेला," असे निरोप देतात. एल्दियार स्वभावाने शांत आहेत. ते एवढेच म्हणाले, "माझ्या मेंढ्यांच्या कानात बिल्ला असतो. त्यांचा बाप कोणी बदलत नाही." हे ऐकून मला हसू आले आणि मग बराच वेळ रडू आले.

५. साहेब, कोणीही विचारील की, फाइल सर्वांना उघडी आहे तर तू स्वतःच का नाही दुरुस्त करीत. इथेच तर घोडे पेंड खाते. मला ते अर्ध्या मिनिटात करता येईल. पण मी सातिबाल्दींना हलवले तर उद्या सगळे म्हणणार की, लग्नासाठी हपापलेल्या बाईने आपला बाप बदलला. न बदलावे तर लग्न मोडते. फाइलला आत्ताच कुलूप घालावे तर चूकच आत कायमची कोंडली जाते. कुलूप न घालावे तर मी आज खरे लिहीन आणि उद्या कोणीतरी बिया सोलता सोलता ते पुसून टाकील. जी फाइल सगळ्यांना बदलता येते, तिच्यात खरे लिहिले तरी ते खरे राहत नाही. हे मला कळत होते, पण अंगावर आल्यावर जास्त कळले.

६. म्हणून मी साक्षीदार शोधायला तोक्तोसुन अक्साकाल यांच्या घरी गेले. मी लहान असताना ते आमच्या शाळेत येत आणि अख्ख्या खोऱ्याची वंशावळ डोळे मिटून म्हणत. चहा निवून जाई, पण त्यांचे एक नाव चुकत नसे. मी म्हटले, "आजोबा, सातिबाल्दी कोणाचा मुलगा, ते एकदा सर्वांसमोर सांगा." त्यांनी डोळे मिटले. माझ्या वडिलांपासून सुरुवात केली, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा घेतले आणि सातिबाल्दीपाशी येऊन थांबले. मग डोळे उघडून म्हणाले, "पोरी, तुझ्या यंत्रात बघून सांग ना. ते आल्यापासून मी म्हणायचं सोडलंय."

मला त्यांचा राग होता. तो तिथेच गेला. म्हातारा मनुष्य टोपी हातात घेऊन बसला होता आणि मला म्हणत होता, "हे डोक्यात होतं तेव्हा कोणी हात घालू शकत नव्हतं गं." मी त्यांना चहा करून दिला आणि निघाले. यातले दुःख मी अर्जात मांडणे नियमाला धरून नाही, तरी मांडले आहे.

७. साक्ष मिळाली ती भलतीकडेच. डूल परत न्यायला १५ तारखेपर्यंत धीर न निघाल्याने बुरुल-आपा ५ तारखेलाच आमच्या घरी आल्या. त्या डूल काढत असताना मी त्यांना कागद दाखवला आणि भांडण नक्की कोणत्या माणसावरून आहे ते सांगितले. त्यांचा हात माझ्या कानातच थांबला.

"सातिबाल्दी?" त्या म्हणाल्या. "तो लंगड्या घोडीचा?"

मी विचारले, कोणती घोडी?

"अगं, तो आमचा जावई! बातीराची लेक केली होती त्यानं. एशिमचा पोरगा, अलीकडच्या तीरावरचा. लग्नात त्यानं आम्हाला घोडी दिली ती लंगडी. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. आमच्या घरात आजही कोणी फसवलं की म्हणतात, सातिबाल्दीची घोडी! मुलगा कसला? बातीराचा मुलगा असता तर सख्ख्या बहिणीशी लग्न केलं म्हणायचं का मेल्यानं?"

एवढे बोलून त्यांनी डूल पुन्हा माझ्या कानात घातले. मग म्हणाल्या, "पण लेखी पाहिजे. तोंडी चालायचं नाही. तुझ्याच यंत्राला दाखव माझा अंगठा."

साहेब, ही साक्ष पक्की आहे. दीडशे वर्षे मनात धरलेला राग कोणाला खोडता आलेला नाही. मात्र ती फाइलमध्ये कुठेच सापडणार नाही, कारण आमच्या फाइलमध्ये लेकींना आणि सुनांना रकानाच नाही.

८. आता हे कोणी केले, ते. इथे माझी लेखणी अडखळते.

६ ऑगस्टला माझ्या टेबलावर जयंतीच्या शिळेचा मजकूर टंकलेखनासाठी आला होता. त्यात आपल्या नावापुढे "कारामुर्त बातीरांचे थेट वंशज" असे शब्द होते. आपण आणि मी दोघेही सातिबाल्दींच्या वंशातले, हे सर्वश्रुत आहे. हे आठवून मी आपले सहायक तिलेक यांना जेवणाच्या सुटीत सरळ विचारले. त्यांनी काही लपवले नाही. म्हणाले, "एजे, ताई गं, एकच तर माणूस हलवला! इकडून उचलला, तिकडे ठेवला. मरून शंभरावर वर्षं झाली त्याला, कुठे दुखतंय? साहेबांच्या नावाला शोभा आली." मी विचारले, मग नोंदवहीत माझे नाव का? "यंत्र नाव विचारत होतं. संगणकाचं काम तुझं, म्हणून तुझं नाव घातलं. मान दिला गं तुला!"

तिलेक मनाने वाईट नाहीत. त्यांनी कुलूप फोडले नाही, चोरी केली नाही, कोणाचा परवलीचा शब्द पळवला नाही. दार उघडे होते, ते आत आले, आणि जाताना एक माणूस घेऊन गेले. आपणास याची काही कल्पना नसणार, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याची माझी इच्छा नाही.

९. परंतु सातिबाल्दी हे एकटे हललेले नाहीत. त्यांच्याबरोबर नदीच्या अलीकडची सगळी माणसे कारामुर्त बातीरांच्या खाली गेली. पलीकडचे मूळचेच त्यांचे, आणि अलीकडचे व पलीकडचे तर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना मुली देत आले आहेत. मी विवाहाच्या दाखल्यांशी फाइल ताडून पाहिली. आज रोजी आक-ओतोक जिल्ह्यात २१२ विवाहित जोडपी बहीण-भाऊ ठरतात. त्यांत शाळेचे मुख्याध्यापक आहेत, अग्निशमन दलाचे दोन्ही चालक आहेत, आणि ज्येष्ठ मंडळाचे पाच सदस्य आहेत, ज्यांनी ठराव क्र. ७ वर हात वर केला होता. यादी पदाच्या मानाप्रमाणे लावली आहे. जोडपे क्र. १ चे नाव उघड्यावर असू नये म्हणून ते पान मी बंद पाकिटात वेगळे ठेवले आहे. ते आपण एकांतात पाहावे, ही विनंती.

१०. सबब आपणास विनंती की,

अ) सातिबाल्दी यांना एशिम यांच्याकडे परत पाठवण्याचा आदेश आपल्या सहीने, कागदावर द्यावा, आणि तो ज्येष्ठ मंडळासमोर बुरुल-आपा यांनी स्वतः वाचून दाखवावा. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांना पाठ आहे.

आ) त्याच तासाला फाइल सहा-चार-चारवर आणि नोंदवही सहा-चार-शून्यवर ठेवण्याची परवानगी द्यावी. पाहुण्याने घरात यावे, तोरात, म्हणजे मानाच्या जागी, बसावे, पोटभर जेवावे. घरमालकाचा बाप बदलू नये. लिहिण्याची मुभा माझ्या एकटीकडेही नको. प्रत्येक बदलाच्या वेळी मंडळाचा एक माणूस आणि एखाद्या घरची म्हातारी बाई समोर असावी. पुरुषांना नावे आठवतात आणि बायकांना भांडणे, आणि या प्रकरणात भांडणेच जास्त उपयोगी पडली.

इ) शिळेविषयी. पाथरवटाने "कारामुर्त बातीर" एवढेच कोरले आहे, पुढची जागा मोकळी आहे, हे मी काल जाऊन पाहून आले. तिथे "यांच्या लेकीचे वंशज" असे कोरता येईल. ते खरे आहे. बातीरांचे रक्त आपल्यात आहेच, फक्त ते अशा बाईकडून आले जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बुरुल-आपांना ते नाव माहीत आहे. हवे असल्यास त्या सांगतील. लंगड्या घोडीचा उल्लेख शिळेवर करण्याची आवश्यकता नाही, असे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले आहे.

११. शेवटी एक गोष्ट जी विषयात नाही. संगणकाचे शिक्षण घेऊन मी शहरातून परत आले ती या खोऱ्यासाठी, असे मी सर्वांना सांगते. ते कारण निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे कारण नदीपलीकडे मेंढ्यांना लस टोचत असते. मला एल्दियारशी लग्न करायचे आहे. त्यासाठी सातवा बाप बदलावा, अशी माझी मागणी नाही. माझा सातवा बाप होता तोच मला परत हवा आहे.

हाताने लिहिल्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले, त्याबद्दल क्षमस्व. पण प्रत्येक खाडाखोड माझी स्वतःची आहे, एवढी खात्री देते.

आपली नम्र, आणि सध्या नाइलाजाने अर्ध्या जिल्ह्याची बहीण,

(सही)
बेगाइम शेरालिएवा
आक-ओतोक, दि. ९ सप्टेंबर

सोबत:
१. ठराव क्र. ७ ची प्रत, तेलाच्या डागासह.
२. बुरुल-आपा यांचे निवेदन, अंगठ्यासह. अंगठा दोनदा उठवला आहे. एक राग म्हणून.
३. दाढ, एक, कागदात गुंडाळून.
४. घोड्याचा विवाहास पात्र असल्याचा दाखला, रद्द करण्यासाठी.
५. २११ जोडप्यांची यादी.
६. जोडपे क्र. १, बंद पाकिटात.

ता. क.: पाकिटाला लाख लावत असतानाच आपल्या पत्नी सायरा-एजे वऱ्हांड्यात आल्या. आपण घरी सांगितल्यावरून त्या, आपले नाव बातीरांखाली कसे दिसते, ते कौतुकाने पाहायला आल्या होत्या. मी त्यांना थांबवू शकले नाही. फाइल सर्वांना उघडी आहे. आपले नाव पाहून झाल्यावर त्यांनी सहज म्हणून शेजारी स्वतःच्या नदीपलीकडच्या माहेरची सात नावे लावली. वऱ्हांड्यातले सगळे बिया सोलायचे थांबले.

त्या मोठ्याने हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आपणास द्यायचा निरोप त्यांनी मला शब्दशः लिहून घ्यायला सांगितला: "एकतीस वर्षं मी भावाला जेवायला वाढत होते म्हणायचं! बरं. भाऊ घरी आला तर बहीण पाहुणचारात कमी करत नाही. आजपासून त्याचं अंथरूण पाहुण्यांच्या खोलीत. गाद्या सात घातल्यात. आणि मी चारही पोरांना फोन करून सांगितलंय, बाबांना आता मामा म्हणायचं. धाकटा विचारत होता, मामा घरी कधी येणार?"

सबब हा अर्ज टपालाच्या पेटीत न टाकता सायरा-एजे यांच्याच हाती पाठवत आहे. सही कुठे करायची तिथे खूण केली आहे. पेन त्यांनी सोबत घेतले आहे.